दोरीचं दुसरं टोक : फ्रीमॉन्टच्या कारखान्याचं प्रकरण

गाडीच्या दाराच्या पोकळीत शीतपेयाची रिकामी बाटली सोडून द्यायची आणि वरून पॅनेल बसवून टाकायचं. गाडी रस्त्यावर आली की खडखड सुरू. गिऱ्हाईक वैतागणार, मेकॅनिक डोकं खाजवणार, आवाज कुठून येतो ते कुणाला कळणार नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या जनरल मोटर्स कारखान्यात कामगार हे उद्योग करायचे. राग गिऱ्हाइकावर नव्हता, कंपनीवर होता. गिऱ्हाईक आपलं मध्ये सापडलं.

या कारखान्याची कीर्ती दूरवर होती. कुठल्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. पार्किंगमध्ये दारू, आत जुगार. युनियनकडे पडून असलेल्या तक्रारी हजारांच्या घरात. अधूनमधून अचानक संप. मॅनेजर आणि युनियन एकमेकांशी बोलायचे ते बहुतेक तक्रार-अर्जांतूनच. वाहन उद्योगातले सगळ्यांत वाईट कामगार इथलेच, असं खुद्द युनियनचे वरिष्ठ नेतेही मान्य करत. मार्च १९८२ मध्ये कंपनीने कारखान्याला टाळं ठोकलं.

डिसेंबर १९८४ मध्ये त्याच शेडमधून पुन्हा गाडी बाहेर पडली. कामगार बहुतांशी तेच, युनियन तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. बदलले होते ते चालवणारे. आता कारखाना चालवत होती टोयोटा. गैरहजेरी दोन ते चार टक्क्यांवर आली. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी तुलना केली तेव्हा जनरल मोटर्सच्याच फ्रेमिंगहॅम कारखान्यात एक गाडी जोडायला ३१ तास लागत होते आणि शंभर गाड्यांमागे १३५ दोष निघत होते. फ्रीमॉन्टमध्ये १९ तास, ४५ दोष. टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्याचे आकडे होते १६ तास आणि तेच ४५ दोष.

जनरल मोटर्स आणि टोयोटाच्या भागीदारीतल्या या नव्या कंपनीचं नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, बोलताना ‘नुमी’. परदेशी माणसांना सांभाळण्याचे धडे जिथे दिले जातात तिथे हे प्रकरण हमखास येतं आणि माझ्या मते बऱ्याचदा उलटं शिकवलं जातं. नेहमीची कथा अशी: जपानी लोकांची शिस्त, त्यांची समूहनिष्ठा अमेरिकन कामगारांच्या अंगी बाणवली आणि चमत्कार झाला. मला यातलं ‘अंगी बाणवली’ हेच पटत नाही. तिथे कुणी कुणाच्या अंगी काही बाणवल्याचं दिसत नाही.

कोणाला काय हवं होतं

जपानी गाड्यांच्या आयातीवर १९८१ पासून ‘स्वेच्छेची’ मर्यादा आली होती: वर्षाला १६.८ लाख गाड्या. स्वेच्छा कसली, वॉशिंग्टनचा दबाव होता. त्यामुळे अमेरिकेतच गाड्या बनवणं जपानी कंपन्यांना भाग होतं. होंडाने १९८२ मध्ये ओहायोत सुरुवात केली, निसानने १९८३ मध्ये टेनेसीत, दोघांनीही युनियन नसलेल्या नव्याकोऱ्या कारखान्यांत. टोयोटाने सावध वाट धरली. परक्या देशात, परक्या कामगारांसोबत आपली पद्धत चालते का, हे आधी भागीदारीत बघायचं. जनरल मोटर्सला छोटी गाडी फायद्यात बनवता येत नव्हती आणि टोयोटाला ते कसं जमतं हे आतून बघायचं होतं. फेब्रुवारी १९८३ मध्ये करार झाला. टोयोटाने दहा कोटी डॉलर घातले, जनरल मोटर्सने मुख्यतः बंद पडलेला कारखाना दिला. अध्यक्षपदी तात्सुरो टोयोडा आले.

कामगार कुठून घ्यायचे यावर घोडं अडलं. टोयोटाला ही युनियन नको होती, आणि ते कुणी लपवलंही नाही. युनियनशी बोलणी करायला टोयोटाने अमेरिकेचे माजी कामगारमंत्री विल्यम यूसेरी यांना मध्ये घातलं. शेवटी युनियनला मान्यता मिळाली आणि पहिल्या साधारण २,२०० कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या फ्रीमॉन्टचेच घेतले गेले. युनियनच्या जुन्या नेत्यांनाही वगळलं नाही. ज्यांच्यामुळे कारखाना बुडाला असं सगळे म्हणत होते, त्यांनाच परत बोलावलं.

त्या वेळी एखाद्या सल्लागाराने भाकीत केलं असतं तर काय केलं असतं? डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेडे यांचा आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात व्यक्तिवादाच्या मोजपट्टीवर अमेरिका ९१, जपान ४६. अनिश्चितता टाळण्याच्या मोजपट्टीवर जपान ९२, अमेरिका ४६. हे आकडे समोर ठेवले की निकाल ठरलेलाच: टीमने काम करणं, काटेकोर नियम पाळणं, सेकंदाला सेकंद जोडून केलेली कामाची आखणी, यातलं काहीही अमेरिकन माणसाला झेपणार नाही. सल्लागाराने फी घेतली असती आणि सल्ला दिला असता, ‘नाद सोडा.’

पण हॉफस्टेडे यांचे आकडे देशाची सरासरी सांगतात. फ्रीमॉन्टचा कामगार बाटली का टाकतो, हे त्यातून कळत नाही. ते कळायला त्या कंपनीने त्याला वीस वर्षं कसं वागवलं हे पाहावं लागतं.

दुसरी बाजू बघा. जपानी कारखान्यातला जो सलोखा तिथल्या मातीतून उगवल्यासारखा सांगितला जातो, तो टोयोटातही जन्मजात नव्हता. १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, माणसं काढायची वेळ आली, मोठा संप झाला. दोन हजारांच्या आसपास कामगार गेले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. राहिलेल्यांना नोकरीची हमी आणि त्याबदल्यात कामगारांचं सहकार्य, हा टोयोटाचा रिवाज त्या भांडणानंतर घट्ट झाला. म्हणजे आपण ज्याला ‘जपानी संस्कृती’ म्हणतो त्यातला बराचसा भाग एका संपानंतरची तडजोड आहे. तडजोड असेल तर ती दुसरीकडेही करता येते. रक्तात असती तर प्रश्नच मिटला असता.

ताकाओका आणि ती दोरी

१९८४ मध्ये फ्रीमॉन्टच्या चारशेहून अधिक लोकांना, बहुतेक ग्रुप लीडर आणि टीम लीडरना, तुकड्या-तुकड्यांनी दोन-तीन आठवड्यांसाठी जपानला ताकाओकाला पाठवलं. तिथे त्यांना संस्कृतीवर व्याख्यानं देत बसवलं नाही. जपानी सहकाऱ्याच्या शेजारी गाड्या जोडण्याच्या लाइनवर उभं केलं.

त्या लाइनच्या बाजूने डोक्याच्या उंचीवर एक दोरी जायची. तिची व्यवस्था जपानीत ‘अँडॉन’ म्हणून ओळखली जाते. मूळ अर्थ कागदी कंदील. ही दोरी नेमकं काय करते ते जरा जवळून बघू, कारण सगळं प्रकरण तिच्यातच आहे.

समजा तुम्ही सीट बसवताय. एक गाडी तुमच्यासमोरून सरकायला साधारण एक मिनिट. चार बोल्ट. तिसरा बोल्ट तिरका गेला, आटे एकमेकांवर चढले, बोल्ट कसायची गन कुरकुरली. तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. जोर लावून तसाच कसायचा. बाहेरून दिसायला ठीक दिसेल. काढून पुन्हा लावायचा. तोवर गाडी पुढे सरकली असेल आणि पुढच्या गाडीचं काम मागे पडेल. किंवा दोरी ओढायची.

दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डोक्यावरच्या फलकावर तुमच्या जागेचा दिवा लागतो, ठरलेली धून वाजते आणि टीम लीडर तुमच्याकडे येतो. जमिनीवर एक रेघ आखलेली असते. गाडी त्या रेघेपर्यंत पोचेस्तोवर दोघांना मिळून काम निस्तरता आलं तर तो दुसऱ्यांदा दोरी ओढतो, दिवा विझतो, लाइन चालूच राहते. नाही निस्तरलं तर रेघेवर लाइन उभी राहते. मग टीम लीडरच्या वरचा माणूस येतो. आणि संध्याकाळी प्रश्न विचारला जातो: बोल्ट तिरका का गेला? भोक चुकलं होतं, की बोल्टची मापं, की हाताला कोन मिळत नव्हता?

जुन्या फ्रीमॉन्टमध्ये एकच अलिखित कायदा होता: काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. बोल्ट राहिला तर राहिला, गाडी पुढे. शेवटी अंगणात दुरुस्तीला गाड्या रांगेत उभ्या. इंजिन उलटसुलट बसलेल्या गाड्याही त्यात असत. लाइन थांबवायचा अधिकार वरच्यांनाच, आणि तेसुद्धा तो वापरायला कचरत. आता या माणसाला सांगायचं की तू, तासावर पगार घेणारा कामगार, मिनिटाला हजारो डॉलरचं काम चालणारी लाइन थांबवू शकतोस, आणि थांबवलीस तर तुझ्याकडे रागाने नाही, मदतीला धावत कुणी येईल. पहिल्यांदा हे ऐकून कुणाचा विश्वास बसेल?

विश्वास भाषणाने बसला नाही. कुणीतरी घाबरत घाबरत दोरी ओढली, टीम लीडर आला, चूक निस्तरली, कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने ओढली. नुमीच्या उभारणीत टोयोटाकडून काम करणारे अमेरिकन व्यवस्थापक जॉन शूक यांनी नंतर यावर लिहिलं, त्याचा सारांश असा की आधी वागणूक बदलली, विचार त्यामागून बदलले. मी त्यात एवढीच भर घालेन: कामगाराची वागणूक बदलण्याआधी दोरीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाची बदलली. दोरी ओढल्यावर जो येतो, तो कसा येतो, त्यावर सगळं ठरलं.

खर्च कुणी केला

दोरी ही दिसणारी वस्तू. तिच्यामागे काही वायदे होते आणि त्यांची किंमत कंपनीने मोजली.

१९८५ च्या युनियन करारात लिहिलं गेलं की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आलं नाही तर कामगारकपात होणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कमी होतील, बाहेर दिलेली कामं परत आत आणली जातील. अशी कलमं कागदावर छान दिसतात. पण १९८७-८८ मध्ये इथे बनणाऱ्या शेवर्ले नोव्हा गाडीची मागणी घसरली, लाइन मंदावली, हाताला काम उरलं नाही. माणसं काढली नाहीत. कुणाला प्रशिक्षणाला बसवलं, कुणाला कामाच्या जागा सुधारण्याच्या गटात घातलं. जुन्या कंपनीत अशा वेळी काय होतं हे प्रत्येकाला पाठ होतं. माझ्या मते नुमीची ‘संस्कृती’ रुजली ती या महिन्यांत, ताकाओकाच्या सहलीत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. डझनवारी कामगार-श्रेण्या मोडून उत्पादनासाठी एकच श्रेणी. चार-सहा जणांची टीम, कामं आळीपाळीने. साहेबांसाठी वेगळं कॅन्टीन नाही, राखीव पार्किंग नाही. कामाची घड्याळ लावून केलेली आखणी इंजिनियरने वरून लादायची नाही, टीमने स्वतः करायची आणि सुधारत न्यायची. टोयोटानेही मुरड घातली: पगार युनियनच्या दराने आणि पुढे टीम लीडर निवडण्याच्या निकषांत युनियनचं म्हणणं. टीम लीडरच्या निवडीवरून कामगारांनी कुरकुर केली होती. जपानमध्ये हा प्रश्न या रूपात कधी आला नव्हता.

कामगारांपेक्षा जास्त ओढाताण मॅनेजर मंडळींची झाली, आणि हा भाग वर्गात बहुधा गाळला जातो. जनरल मोटर्समधून किंवा अन्य अमेरिकन कंपन्यांतून आलेल्या मॅनेजरला शिकवण अशी की साहेबाने विचारलं, कसं चाललंय, तर उत्तर ‘सगळं ठीक’. टोयोटाकडून आलेल्या जपानी समन्वयकाच्या कानाला हे उत्तर संशयास्पद. अडचण नाही म्हणतोस म्हणजे तुला दिसत नाही किंवा तू सांगत नाहीस. मग तो ‘का’ विचारायचा, पुन्हा ‘का’. जपानी माणसाला त्या ‘का’मध्ये यंत्राची, पद्धतीची चौकशी अभिप्रेत. अमेरिकन मॅनेजरला त्यातून ‘कुणाची चूक?’ एवढंच ऐकू यायचं, कारण त्याच्या जुन्या नोकरीत ‘का’नंतर नेहमी कुणाचं तरी नाव यायचं. एकच शब्द दोघं वापरत होते आणि दोन वेगळी वाक्यं ऐकत होते. दुभाषा इथे काय कामाचा!

फोर्डमधून आलेले गॅरी कॉन्व्हिस पुढे नुमीचे प्रमुख झाले. त्यांना बढती मिळाली तेव्हा तत्कालीन अध्यक्ष कान हिगाशी यांनी सांगितलं की हातात अधिकारच नाही असं समजून कारभार करा. अमेरिकन कंपनीत वर चढलेल्या माणसाला हे ऐकून कसं वाटलं असेल याची कल्पना करा. तरी त्यांनी ते मनावर घेतलं.

स्वर्ग अवतरला होता असंही नाही. मिनिटातले जवळपास ५७ सेकंद हात कामात असायचे. युनियनमधल्याच एका गटाने हा वेग माणसाला पिळणारा आहे म्हणून सतत आवाज उठवला, आणि बाहेरच्या कामगार-अभ्यासकांनीही ‘ताण देऊन राबवणं’ अशी टीका केली. नव्या मॉडेलची जुळणी सुरू झाल्यावर मनगट-खांद्याच्या दुखण्यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कामगार-सुरक्षा खात्याने कंपनीला त्याबद्दल नोटीस काढली. तेव्हा उपाय झाले. पण एवढं मान्य करावंच लागेल की कामगारांनी सन्मान आणि नोकरीची हमी घेतली आणि त्याबदल्यात दिवसभरातली उसंत दिली. हा सौदा सगळ्यांना परवडला नाही.

नक्कल का फसली

नुमीतून शिकण्यासाठी जनरल मोटर्सने १६ तरुण मॅनेजर पाठवले होते. ते शिकले, भारावले. परत गेल्यावर त्यांचं काय करायचं याची काही योजनाच नव्हती. ते मोठ्या कंपनीत इकडे तिकडे विखुरले गेले. दरम्यान वरच्या मजल्यावर दुसरीच खात्री होती. अध्यक्ष रॉजर स्मिथ यांच्या काळात रोबो आणि स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर ओतले जात होते. नुमीत यंत्रं साधीच होती, हे नजरेआड झालं.

लॉस एंजेलिसमधल्या, जनरल मोटर्सच्याच व्हॅन नाइस कारखान्यात नुमीची पद्धत आणायचा प्रयत्न झाला. टीम आल्या, पाट्या आल्या, जपानी शब्द आले. कामगारांनी थोडक्या बहुमताने होकार दिला होता, पण कारखाना बंद पडेल या टांगत्या तलवारीखाली. नुमीच्या कामगारांना मिळालेली नोकरीची हमी इथे नव्हती. फोरमन आणि मॅनेजर मंडळींना तर टीमवर्क म्हणजे आपले अधिकार काढून घेण्याचा डाव वाटला, आणि त्यांचं मोजमाप पूर्वीसारखंच, किती गाड्या बाहेर पडल्या यावर. लाइन थांबली तर त्यांचा आकडा पडणार. मग ते धावत यायचे ते मदतीला नाही, लाइन चालू करायला. शिवाय सुटा भाग जुळत नाही असं कामगाराने सांगितलं तरी तो भाग आखणारं खातं हजारो मैलांवर, त्याला त्याचं सोयरसुतक नाही. दोरी होती, टोक मोकळं लोंबत होतं. ऑगस्ट १९९२ मध्ये व्हॅन नाइस बंद झालं.

गंमत बघा: इथे दोन्ही बाजूंना अमेरिकनच होते. भाषा एक, देश एक, कंपनी एक. आणि फ्रीमॉन्टमध्ये जे जपानी-अमेरिकन मिळून जमलं, ते जनरल मोटर्सला आपल्याच दुसऱ्या कारखान्यात, चार-पाचशे किलोमीटरवर, नेता आलं नाही. सांस्कृतिक दरी मोजायची असेल तर ती मला टोकियो आणि कॅलिफोर्नियात कमी, आणि लाइन व मुख्यालय यांच्यात जास्त दिसते.

टोयोटा मात्र शिकली. अमेरिकन कामगारांसोबत आपली पद्धत चालते अशी खात्री पटल्यावर तिने १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनला स्वतःचा कारखाना सुरू केला. तिथे युनियन नव्हती. फ्रीमॉन्टच्या युनियननेच सिद्ध करून दाखवलेली गोष्ट युनियन वगळून पुढे नेली गेली, याचा कडवटपणा तिथल्या जुन्या नेत्यांच्या बोलण्यात राहिला असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

जून २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेली जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटाने एकटीने कारखाना चालवायचा नाही असं ठरवलं. कामगारांच्या संक्रमणासाठी २५ कोटी डॉलर देऊ केले. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची कोरोला लाइनवरून उतरली. तोवर जवळपास ऐंशी लाख गाड्या तिथून गेल्या होत्या आणि आत ४,७०० माणसं कामाला होती. कपात न करण्याचं वचन पंचवीस वर्षं पाळलं गेलं होतं. भागीदार गेल्यावर वचन द्यायला कंपनीच उरली नाही. मे महिन्यात टेस्लाने ४.२ कोटी डॉलरला कारखाना घेतला, आणि नवी भरती सुरू झाली तेव्हा अर्जाच्या रांगेत नुमीचे जुने लोक होतेच.